कॅन्सरच्या दुखण्यात हॉस्पिटलच्या फार्मासिस्टचं काम नक्की काय?

सांजवेळ

आईचा कॅन्सर हाडांमध्ये पसरलाय. ट्रीटमेंट चालू आहे, पण आत्ता घरात सगळ्यात मोठा प्रश्न दुखण्याचा आहे. डिस्चार्जच्या कागदावर मॉर्फिन दर ४ तासांनी, शिवाय "गरज पडल्यास" परत मॉर्फिन, पॅरासिटामॉल, रात्री गॅबापेंटिन, सकाळी डेक्सामिथासोन आणि पोट साफ होण्याची दोन औषधं. डॉक्टरांनी सांगितलं होतं सगळं, नाही असं नाही, पण त्या वेळी आमचं डोकं कुठे ठिकाणावर होतं. औषधं घ्यायला खाली गेले तर तिथल्या फार्मासिस्ट मॅडम खिडकीतून बाहेर आल्या, बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि एकेक औषध कशासाठी, किती वाजता, कुठलं चुकवायचं नाही, कुठलं दुखलं तरच द्यायचं हे वहीत लिहून दिलं. आईची किडनीची रिपोर्टं मागितली आणि वर वॉर्डात फोन करून काहीतरी विचारूनही घेतलं.

मला प्रश्न पडलाय तो असा की हे त्यांचं कामच असतं की त्या बाई मुळात चांगल्या होत्या म्हणून केलं? माझं तर मत झालंय की कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटला दुखण्याच्या औषधांसाठी असं कुणीतरी मिळायलाच हवं. तुमचे अनुभव सांगा प्लीज.

फिरस्ता

नशीबवान आहात. आमच्या वेळी खिडकी, पिशवी, बिल, पुढचा. बाबांच्या गोळ्यांबद्दल एक अक्षर कुणी बोललं नाही. "दुखलं की द्या" एवढंच आमच्या लक्षात राहिलं, त्यामुळे ते विव्हळायला लागल्यावर गोळी आणि ती लागू पडेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. घड्याळ लावून द्यायची असते हे फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाकडून.

औषधवेडी

सांजवेळ, हे कामच आहे हो. मी स्वतः हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे, बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डशी जोडलेली. त्या मॅडम चांगल्या असतीलच, पण त्यांनी जे केलं ते आमच्या शिक्षणात आणि कामात बसणारंच आहे. किती ठिकाणी ते करायला वेळ आणि माणसं दिली जातात हा वेगळा विषय, त्यावर फिरस्ता यांचं म्हणणं दुर्दैवाने खरं आहे.

आता मुख्य मुद्दा. कॅन्सरच्या दुखण्याला सहसा एक औषध पुरत नाही. हाडाचं दुखणं वेगळं, नस दाबली गेल्यावर होणारी आग किंवा करंट मारल्यासारखं दुखणं वेगळं, आतल्या अवयवांचं वेगळं, आणि एकाच माणसाला तिन्ही असू शकतात. त्यामुळे औषधं वाढत जातात आणि त्यात बीपी, शुगर, केमो, अँटिबायोटिक हे सगळं आधीपासून असतंच. ही सगळी यादी एका नजरेखालून घालणारा माणूस लागतो. मी पेशंट ॲडमिट झाल्यावर पहिलं काय करते तर घरून आणलेली पिशवी टेबलावर रिकामी करते. त्यात अर्ध्या वेळा पॅरासिटामॉल दोन-तीन नावांनी निघतं, एक डॉक्टरांनी दिलेलं, एक सर्दीच्या गोळीत, एक ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या गोळीच्या कॉम्बिनेशनमध्ये. दिवसाला ४ ग्रॅमची वरची मर्यादा अशी नकळत ओलांडली जाते, आणि लिव्हरवर परिणाम असेल किंवा माणूस खंगलेला असेल तर मर्यादा त्याहून खाली आणावी लागते.

किडनीची रिपोर्टं का मागितली तेही सांगते. मॉर्फिन लिव्हरमध्ये मोडतं आणि त्यातून तयार झालेले पदार्थ किडनीतून बाहेर जातात. किडनी मंद असेल तर ते साचतात आणि माणूस गुंगीत राहतो, बरळतो, हातापायांना झटके येतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला. कधीकधी तो औषधाचा डोस असतो. अशा वेळी डोस कमी करणं, दोन डोसमधलं अंतर वाढवणं किंवा फेंटानिलसारख्या दुसऱ्या तीव्र वेदनाशामकावर जाणं हे डॉक्टर ठरवतात, पण लक्षात आणून देणं आमचं काम. नसेच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिनचंही तेच, तेही किडनीतूनच जातं.

रात्रपाळी

औषधवेडी, सगळं पटतंय पण थोडा वेगळा सूर लावते. मी नर्स आहे. रात्री ३ वाजता पेशंट दुखण्याने उठून बसतो तेव्हा तिथे ना फार्मासिस्ट असतो ना मोठे डॉक्टर. "दहापैकी किती दुखतंय" हे विचारणारी, डोस दिल्यावर तासाभराने परत येऊन बघणारी, गुंगी किती आहे श्वास किती आहेत हे मोजणारी नर्सच असते. नातेवाइकांना समजावतोही आम्हीच. म्हणून धाग्यात सगळं श्रेय एकाच खिडकीला जाताना बघून जरा लागलं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते, सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध सावकाश सतत देणारं यंत्र) लावायचा असला की मी फार्मसीला फोन केल्याशिवाय हात लावत नाही. एकाच सिरिंजमध्ये मॉर्फिन, मिडाझोलम, हॅलोपेरिडॉल असं मिसळायचं असतं आणि कशात काय टाकलं की गढूळ होतं हे त्यांना नेमकं माहीत असतं. डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड तर वेगळंच ठेवायला सांगतात.

औषधवेडी

रात्रपाळी, शंभर टक्के मान्य. तुमच्या त्या नोंदींशिवाय मी डोसबद्दल एक शब्द बोलू शकत नाही. रात्रीत किती वेळा जादा डोस लागला हा आकडा तुमच्याच चार्टवरून येतो.

संशयात्मा

माझा सरळ प्रश्न. मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलंच ना? आमच्या काकांना सुरू केलं तेव्हा सगळे नातेवाईक शेवटचं भेटायला आले. आणि सवय लागते त्याचं काय? फार्मासिस्ट लोक हे का सांगत नाहीत?

औषधवेडी

सांगतो हो, रोज सांगतो. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवरून दिलं जातं, किती आयुष्य उरलंय त्यावरून नाही. ट्रीटमेंट घेत घेत मॉर्फिनवर असलेले, कामावर जाणारे पेशंट मी बघते. रेडिएशनने हाडाचं दुखणं कमी झालं की डोस कमी करत करत बंदही होतो. हो, हाडाच्या दुखण्यासाठी रेडिएशनही देतात, कित्येकदा एकच सिटिंग पुरतं.

सवयीबद्दल बोलताना तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. काही काळाने तोच डोस कमी पडू शकतो, ही एक. शरीराला औषधाची ओळख झाल्यामुळे ते एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अस्वस्थपणा होतो, ही दुसरी, आणि म्हणूनच हळूहळू कमी करतात. तिसरं ते व्यसन, म्हणजे दुखण्याशी संबंध नसताना, नुकसान होतंय हे दिसत असूनही औषधामागे धावणं. पहिल्या दोन गोष्टी अपेक्षितच असतात. तिसरी होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, ज्यांना आधी दारूचं किंवा कसलं व्यसन होतं त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, पण दुखणाऱ्या माणसाचं औषध त्या भीतीपायी रोखून धरणं हा अन्याय आहे. माणूस घड्याळाकडे बघत पुढचा डोस मागतोय याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आधीचा डोस पुरत नाहीये.

संशयात्मा

इतकं स्पष्ट कुणी सांगितलंच नव्हतं. काका स्वतःच गोळी नको म्हणायचे, "नादी लागेन" म्हणून. सहन करत राहिले. तेव्हा हे कळलं असतं तर.

डॉ_अर्धविराम

ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचा डॉक्टर आहे. दोन गोष्टी मांडतो, एक बाजूने आणि एक विरोधात.

विरोधातली आधी. डोस कोण बदलतो हे एकच माणूस असायला हवं. मी एक सांगितलं, फार्मासिस्टने दुसरं, नर्सने तिसरं, तर पेशंटचा कुणावरच विश्वास राहत नाही. फार्मासिस्टने पेशंटला परस्पर "हा डोस जास्त वाटतो" म्हटलेलं मला चालत नाही, मला फोन करा.

बाजूने असं की तो फोन आलाच पाहिजे. फेंटानिलच्या पॅचवर (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) स्थिर असलेल्या एका पेशंटच्या तोंडात फंगस झाला म्हणून फ्लुकोनाझोल लिहिलं गेलं. फार्मासिस्टचा फोन आला की याने फेंटानिलची रक्तातली पातळी वाढू शकते, पर्याय बघू या का. बघितला. उलट टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर पातळी खाली जाते आणि दुखणं परत डोकं वर काढतं. एका ओपिऑइडवरून (मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक) दुसऱ्यावर नेताना तर मी हिशोब त्यांच्याकडून तपासूनच घेतो. तक्त्यातला आकडा जसाच्या तसा द्यायचा नसतो, साधारण पाव ते निम्मा कमी करून सुरुवात करायची, कारण नव्या औषधाला शरीर तितकं सरावलेलं नसतं. मेथाडोन हे ओपिऑइड असेल तर आणखी जपून, ते शरीरात किती काळ राहील हे माणसागणिक बदलतं.

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन पायऱ्यांची शिडी दिली, साधी वेदनाशामकं, मग सौम्य ओपिऑइड, मग तीव्र. २०१८ च्या मार्गदर्शनात त्या शिडीला एक ढोबळ दिशा म्हणून ठेवलंय, एकेक पायरी चढायलाच हवी असं नाही. तीव्र दुखत असेल तर थेट मॉर्फिन. पण शक्यतो तोंडावाटे, घड्याळानुसार, त्या माणसाला बघून आणि बारीकसारीक तपशील सांभाळून, हे सूत्र कायम आहे. त्यातला "बारीकसारीक तपशील" आमच्या ओपीडीच्या गर्दीत निसटतो. तो पकडणारं कुणी असेल तर मला हवंच आहे.

गप्पीदास

डॉक्टर स्वतःहून म्हणतायत "मला फोन करा", स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी! (हलकेच घ्या डॉक्टर, प्रतिसाद फार आवडला.)

अवांतर: मॉर्फिन अफूतून पहिल्यांदा वेगळं काढणारा माणूस औषधशास्त्राचाच होता, जर्मनीतला झेर्ट्युर्नर. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला, औषधांच्या दुकानात उमेदवारी करत असतानाच त्याने हे काम सुरू केलं. त्याआधी अफूच्या अर्कात औषध किती आहे हे दर वेळी वेगळं निघायचं, कुणाला कमी पडायचं तर कुणाचा जीव जायचा. मोजून डोस देता यायला लागला तो त्यानंतर. म्हणजे सांजवेळ यांच्या प्रश्नाचं एक उत्तर २०० वर्षं जुनं आहे.

कुसुमकळी

अरे वा गप्पीदास, हे माहीत नव्हतं. त्याच ओघात सिसिली साँडर्स यांचंही नाव घ्यायला हवं. नर्स होत्या, मग समाजसेवेचं काम केलं, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. नियमित वेळेला मॉर्फिन द्या, दुखणं परत यायची वाट बघू नका, हे त्यांनी ठासून सांगितलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, भीती, पैशाची काळजी, घरच्यांची चिंता हे सगळं त्यात असतं असंही त्या म्हणायच्या. माझ्या बहिणीच्या बाबतीत हे मी बघितलंय, मुलाच्या परीक्षेच्या आठवड्यात तिचं दुखणं वाढायचं.

पाऊलवाट

आमच्याकडे पॅच होता. वडिलांना गिळता येत नव्हतं. पॅच लावल्यावर त्याच दिवशी आराम पडेल असं आम्ही धरून चाललो होतो पण फार्मासिस्टने आधीच बजावलं होतं की पूर्ण असर यायला १२ ते २४ तास जातात, तोपर्यंत आधीचं औषध बंद करू नका. तसंच काढल्यावरही कातडीखाली साठलेलं औषध बराच वेळ उतरत राहतं. ७२ तासांनी बदलायचा, दर वेळी नवीन जागा, केस असतील तर कात्रीने कापायचे, दाढीसारखं ब्लेड फिरवायचं नाही, साबणाने खसाखसा धुवायचं नाही, पॅच कापायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेक. पाठ दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी आमच्या घरात कायम तयार असायची. त्यांनी सांगितलं पॅचवर किंवा जवळपास शेक अजिबात नको, उष्णतेने औषध भराभर आत जातं. ताप आला तरी तेच होतं, म्हणून ताप आला की कळवायचं. नंतर त्यांचा घरी फोनही यायचा, "ताप? गुंगी? शेवटचा पॅच कधी लावला?" आणि वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, लहान मुलाच्या हाती लागता कामा नये, कारण त्यात औषध शिल्लक असतं. घरात भाची रांगत होती, आमच्या कुणाच्या हे डोक्यातच आलं नसतं.

औषधवेडी

पाऊलवाट, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. भर एवढीच की पॅच हे आधीपासून ओपिऑइडवर स्थिर असलेल्यांसाठी आहे, शेजारच्यांचा उरलेला पॅच "पाठ दुखते" म्हणून कुणीही लावू नये. जीवावर बेतू शकतं.

खटपट्या

पोटाबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. आईला मॉर्फिनने दुखणं थांबलं पण पोट साफ होईना आणि मग ती म्हणायला लागली यापेक्षा दुखणं बरं. गोळी बंद करायची वेळ आली होती.

औषधवेडी

खटपट्या, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. मळमळ सहसा आठवडाभरात ओसरते, गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र आपोआप जात नाही. मॉर्फिन चालू आहे तोवर पोटाचं औषध चालू, आणि तेही पहिल्या दिवसापासून, त्रास होण्याची वाट न बघता. सांजवेळ यांच्या कागदावर दोन औषधं दिसतायत ती त्यासाठीच, सेना किंवा बिसाकोडिलसारखं आतडं हलवणारं एक आणि मळ मऊ करणारं एक. इसबगोलच्या भरवशावर राहू नका, माणूस पाणी कमी पीत असेल तर ते आत फुगून उलट अडकतं. रोज शौचाला झालं का हे मी दुखण्याच्या प्रश्नाच्या आधी विचारते. लाजून लोक सांगत नाहीत आणि मग गुपचूप मॉर्फिन सोडतात.

रात्रपाळी

+१००. आणि शौचाला खडा झाला की तो काढण्याचं कामही शेवटी आमच्याकडेच येतं. तेव्हा औषधवेडी, तुम्ही विचारत राहा!

नोंदवही

मी थोडी डॉक्टरांच्या बाजूची आहे. आम्हाला सल्ला देणारे खूप होते, एकवाक्यता नव्हती. वॉर्डमधल्या कागदावर एक डोस, डिस्चार्जवर दुसरा, पाकिटावर तिसरा. घरी आल्यावर रात्री ११ ला आम्ही तीन कागद समोर घेऊन बसलेलो. मला तज्ज्ञ वाढवून नकोत, एक कागद हवा. ज्यावर सगळ्यांचं एकमत झालेलं असेल आणि खाली एक फोन नंबर असेल.

डॉ_अर्धविराम

नोंदवही, तो एक कागद बनवणं हेच मी फार्मासिस्टकडे सोपवेन. डोस मी ठरवणार, पण घरी जाताना वॉर्डचा, डिस्चार्जचा आणि पाकिटावरचा आकडा एकच आहे ना हे बघून सही त्यांची. यावर माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे.

फिरस्ता

मग ते होत का नाही? खिडकीच्या आत दोन माणसं आणि बाहेर ही रांग. त्यांनी बाहेर येऊन बाकावर बसायचं म्हणजे रांगेतला माणूस ओरडणार. मॅडमचा चांगुलपणा हा काही उपाय झाला नाही. हॉस्पिटलने एक माणूस फक्त यासाठी ठेवायला हवा, वॉर्डात फिरणारा.

औषधवेडी

फिरस्ता, अगदी हेच. आमच्याकडे राउंडला फार्मासिस्ट जायला लागला तो फार भांडून. मॉर्फिनचा साठा कुलपात, दोन सह्या, नोंदवहीत एकेका गोळीचा हिशोब, यात दिवस जातो. ते काम हवंच, औषध भलत्या हाती जाऊ नये म्हणून. पण माझा सगळा वेळ गोळी सांभाळण्यात गेला आणि ती घेणाऱ्या माणसाला मी पाहिलंच नाही, तर माझं शिक्षण वाया आहे असं मला वाटतं. साठा संपण्याआधी मागवणं हेही यातच आलं. मॉर्फिन "दोन दिवसांनी येईल" असं दुखणाऱ्या माणसाला सांगायची वेळ कुठल्याच फार्मसीवर यायला नको.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद परत परत वाचला. आता पुढच्या वेळी गेले की त्यांना काय काय विचारू? आणि काय घेऊन जाऊ? केमोही सुरू होणार आहे परत.

औषधवेडी

सगळी औषधं पाकिटांसकट न्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजारणीने दिलेलं सगळं. "गरज पडल्यास"चा डोस रोज किती वेळा द्यावा लागला ते लिहून ठेवा, वेळेसकट आणि काय करताना दुखलं त्यासकट. अंघोळ किंवा ड्रेसिंगच्या वेळीच दुखत असेल तर आधी अर्धा तास तो डोस देता येईल का विचारा. दिवसातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर मुख्य डोस अपुरा आहे, पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, फोन करा.

केमो सुरू होतेय म्हणून एक फार महत्त्वाचं: पॅरासिटामॉल द्यायच्या आधी थर्मामीटर लावा. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप ही इमर्जन्सी असते आणि गोळीने तो झाकला जाऊ शकतो. ठरलेल्या वेळेची गोळी असेल तर काय करायचं हे आधीच विचारून घ्या. डिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे घरात असेल म्हणून देऊ नका, प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्रावाचा धोका, किडनीवर ताण, आणि डेक्सामिथासोनबरोबर पोटात अल्सरचा धोका वाढतो. डेक्सामिथासोन सकाळीच द्या नाहीतर रात्री झोप लागणार नाही, आणि शुगर असेल तर तपासत राहा.

आणि हे विचाराच: उठवूनही नीट जागी होत नसेल, श्वास फार सावकाश होत असेल तर पुढचा डोस न देता लगेच कुणाला फोन करायचा? तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

सांजवेळ

वहीत उतरवून घेतलं. गेल्या दोन दिवसांत जादा डोस रोज पाचेक वेळा लागलाय, तेव्हा आत्ताच फोन करते.

सांजवेळ

फोन झाला. मॅडमनी डॉक्टरांशी बोलून परत फोन केला, मुख्य डोस वाढवलाय आणि त्या हिशोबाने जादा डोसही. दोन दिवसांनी त्या परत विचारणार आहेत. आईला सांगितलं तर म्हणाली त्या बाईंना विचार, रात्री २ च्या डोसला उठवायलाच हवं का.

रात्रपाळी

छान प्रश्न आहे आईंचा! आमच्याकडे झोपताना दुप्पट डोस लिहून देतात म्हणजे मधे उठवावं लागत नाही, पण ते प्रत्येकाला चालतंच असं नाही, मॅडमनाच विचारा.

औषधवेडी

बरोबर. आणि डोस स्थिर झाला की १२ तासांची सावकाश उतरणारी गोळीही असते, मग रात्रीचा प्रश्नच मिटतो. फक्त ती गोळी कुटायची, चावायची नाही, नाहीतर १२ तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

नवीनच

आजच सभासद झालो, धागा वाचून. आमच्या बाबांना गोळी गिळताच येत नाही, नाकातून नळी आहे. आम्हाला ती १२ तासांची गोळी दिलीये आणि कुटून नळीतून द्या असं कुणीतरी म्हणालं. काय करू?

औषधवेडी

कुटू नका. पुढचा डोस द्यायच्या आधी हॉस्पिटलला फोन करा आणि नळी आहे हे स्पष्ट सांगा. मॉर्फिन पातळ स्वरूपात मिळतं, इतर पर्यायही आहेत, डोसचा हिशोब मात्र त्यांनाच करू द्या. फोन नाही लागला तर इथे लगेच लिहा, मी जागी आहे.